तासाला वीस रुपये, नवाबसहित

माझ्या आयुष्यातली एकमेव खाजगी नोकरी मी एका कुत्र्याकडे केली.

त्याआधी बत्तीस वर्षं मी शाळेत गणित शिकवलं. पूर्णेच्या बाजारात मला बघून एखादा टक्कल पडलेला गृहस्थ घाईघाईनं समोरच्या दुकानात शिरला, तर तो माझा विद्यार्थी समजावा. आमचे हे रेल्वेत गार्ड होते. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण गाव त्यांना अजून गार्डसाहेबच म्हणतं, आणि मीही. घरातल्या कुठल्याही कामात ते शेवटच्या डब्यात असतात आणि तिथून पुढच्यांना झेंडी दाखवतात, त्यामुळे दुसरं काही म्हणवत नाही.

आमच्या समोर, आठ पावलांची गल्ली ओलांडली की, नलूताईंचं घर. (आठ पावलं माझी. गार्डसाहेबांची सहा. मोजलेली आहेत.) नलूताई शिवणकाम करतात. निम्म्या गावातल्या बायकांची मापं त्यांना तोंडपाठ आहेत आणि आजवर एकीचं माप त्यांनी दुसरीला सांगितलेलं नाही, यावरून बाईचा स्वभाव कळावा. नवरा लवकर गेला. मुलगी पिंकी शिकली, लग्न होऊन पुण्याला गेली. आता घरात त्या आणि नवाब.

नवाब म्हणजे कुत्रा. जात गावठी, रंग जुन्या गोणपाटाचा, एक कान उभा आणि एक आडवा. पण ऐट अशी, की निजामाच्या वेळची जहागीर अजून याच्याच नावावर आहे! पुढ्यात नुसती भाकरी ठेवली तर ढुंकून बघत नाही. समोर बसून कुणीतरी त्याच्याशी बोलावं लागतं. बोलणं चालू तोवर खाणं चालू, आणि बोलणं थांबलं की तोंड फिरवून बसतो.

नलूताई आणि मी एकोणीस वर्षांच्या शेजारणी. रोज सकाळी त्या आमच्या ओट्यावर येऊन बसतात आणि म्हणतात, "बाई, जरा इरजण द्या की." रोज दही लावणाऱ्या बाईचं विरजण रोज कसं संपतं, हे मी कधी विचारलं नाही, कारण त्या विरजणासाठी येतच नाहीत. मी वाटीत विरजण देते, तासभर गप्पा होतात आणि संध्याकाळी वाटी परत येते. ती रिकामी कधीच येत नाही. कधी मूठभर शेंगदाणे, कधी जवसाची चटणी, अगदीच काही नसलं तर चिमूटभर साखर. दोघींपैकी कुणी गावाला गेली, तर दुसरीनं तिचं घर बघायचं, हेही न बोलता ठरलेलं.

असं सगळं छान चाललेलं असताना मी भाषण केलं.

कॉलनीत महिलांचा कार्यक्रम होता. मला अध्यक्ष केलं होतं, कारण हॉलमध्ये हातांची खुर्ची एकच होती आणि माझे गुडघे दुखतात. पण एकदा माईक हातात आला की शिक्षिकेचे गुडघे दुखायचे थांबतात. मी म्हटलं, "बायकांच्या कामाला मोल नाही, हे आता चालणार नाही! फुकट काम करून घेणं ही लूट आहे! मग ती नवऱ्यानं केलेली असो, की शेजारणीनं!"

शेजारीण हा शब्द मी केवळ वाक्याला तोल यावा म्हणून घातला होता. टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात गार्डसाहेबांनी वाजवल्या (कार्यक्रम संपला असं त्यांना वाटलं). तिसऱ्या रांगेत नलूताई बसल्या होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, आणि मी ते पाहूनही फुलांचा गुच्छ घ्यायला वाकले.

महिनाभरानं नलूताई आल्या. ऊन चढलेलं, हातात पिशवी, चेहरा कचेरीत अर्ज द्यायला आल्यासारखा.

"बाई, पिंकीचे दिवस भरत आले. मला जावं लागतंय. दीड महिना तरी. घराकडं आन् नवाबकडं बगायला कुणीतरी पायजे."

"कुणीतरी कशाला? मी काय मेले का? किल्ली ठेवा अन् जा."

"तसं न्हाई. रेट सांगा."

"कसला रेट?"

"घर बगायचा. कुत्रं सांभाळायचा. फुकट करून घेतलं तर लूट होती ना? तुमीच म्हणलाव, माईकवर."

"अहो, ते नवऱ्यांना उद्देशून होतं!"

"शेजारीण बी म्हणलाव. मी काय बहिरी हाय?"

इथं 'चुकलं माझं' एवढे दोन शब्द पुरले असते. पण बत्तीस वर्षांत फळ्यावर माझं काही चुकलंच, तर मी पोरांना सांगायचे, "मुद्दाम चुकवलं होतं, कुणाचं लक्ष आहे ते बघत होते." ही सवय निवृत्तीबरोबर जमा करून घेत नाहीत. मी पदर सावरून म्हणाले, "ठीक आहे. वाजवी दर ठरवू."

"ठरवाच. दर ठरल्याबिगर मी जात न्हाई. पिंकीला सांगते, तुजं तू बग."

म्हणजे झालं! त्या पोरीचं पहिलं बाळंतपण, तिची आई इकडं अडकणार, आणि कशामुळं, तर माझ्या भाषणामुळं. मी घाईघाईनं कागद आणि पेन काढलं.

"रोजचे तीनशे घ्या," नलूताई म्हणाल्या.

"तीनशे? डोकं ठिकाणावर आहे का? पन्नास."

"पन्नासात काय येतंय आजकाल? अडीचशे."

"साठ. वर एक रुपया घेणार नाही."

"बाई, इज्जतीत घ्या की! दोनशे चाळीस."

"पासष्ट! परवडत असेल तर बघा, नाहीतर दुसरीकडं जा!"

बाजारात कोथिंबिरीच्या जुडीवर दोन रुपयांसाठी भाजीवाल्याला रडकुंडीला आणणाऱ्या याच दोघी! शेवटी गार्डसाहेबांना राहवलं नाही. ते म्हणाले, "दोघी मधल्या स्टेशनात या की. दीडशे."

"तुम्ही गप्प बसा!" आम्ही दोघी एकदम म्हणालो. त्या दिवशी आमचं एकमत झालं ते एवढ्यावरच.

मग मी माझा मार्ग काढला. अंदाजे काही नको, तासावर लावू. बंद घर दिसलं की चोरांना आमंत्रण, म्हणून घर नांदतं दिसलं पाहिजे. सकाळी आठ ते अकरा, संध्याकाळी चार ते आठ, असं रोज सात तास तिथं जाऊन बसायचं. "बसायचे तासाला किती घ्यावेत हो?" मी विचारलं. गार्डसाहेब म्हणाले, "कोण बसायलंय त्यावर हाय. मी छत्तीस वर्षं बसूनच पगार घेतला, पण ते बसणं जोखमीचं होतं." बिनजोखमीचे म्हणून वीस रुपये धरले.

पुढं कलमं वाढत गेली. नवाबचं दोन वेळचं खाणं दरातच. झाडांना पाणी दरातच. नलूताई म्हणाल्या, "त्याच्याशी बोलावं बी लागतंय. त्याचे येगळे घ्या."

"त्याचे नका देऊ," गार्डसाहेब म्हणाले. "ही तशी बी बोलतच असती."

म्हणून 'बोलण्याचे पैसे धरू नयेत' असं मी माझ्याच अक्षरात लिहिलं. 'गिऱ्हाइकाची वीज फक्त गिऱ्हाइकासाठी' हे कलम माझं. 'रात्रपाळी दीडपट' हे गार्डसाहेबांचं. रात्रपाळी कुणी मागितलीच नव्हती, पण त्याशिवाय त्यांना कागद पूर्ण झाल्यासारखा वाटेना. दोघींनी खाली सह्या केल्या. नवाबनंही पंजा उमटवला असता, पण तो झोपला होता.

त्या संध्याकाळी नलूताईंनी वाटी परत आणली. घासलेली, लख्ख, आणि रिकामी.

मी वाटीकडं बघत राहिले. त्या म्हणाल्या, "आता त्यात काय ठेवायचं, बाई? पैसे ठरले ना." त्यांच्या आवाजात राग नव्हता. रागच असता तर बरं झालं असतं, कारण आमची भांडणं दोन दिवसांत मिटतात. मला फार वाईट वाटलं. एकोणीस वर्षांची शेजारीण मी तासाला वीस रुपयांना विकून बसले, असं मनात आलं, आणि तरीही तो कागद फाडायला माझा हात उठला नाही.

दुसऱ्या दिवशी त्या पुण्याच्या गाडीत बसल्या आणि आम्ही कामावर रुजू झालो.

पहिला पेच कूलरचा. मे महिना, आमच्याकडचं ऊन, आणि नलूताईंच्या खोलीत मोठा थोरला कूलर. पण वीज फक्त गिऱ्हाइकासाठी! गिऱ्हाईक कोण? नवाब. म्हणून नवाब कूलरसमोर बसला की कूलर लावायचा आणि त्याच्या मागं आम्ही दोघांनी दाटीवाटीनं बसायचं. त्याच्या अंगावरून जी हवा पुढं येईल ती आमची. गार्डसाहेब म्हणाले, "ही हवा आपण घेतली तर चोरी होती का?"

"नाही. ती त्यानं वापरलेली आहे," मी निकाल दिला.

तीन-चार दिवस असे बरे गेले. पाचव्या दिवशी नवाब उठला, अंग झटकलं, गल्ली ओलांडून सरळ आमच्या ओट्यावर जाऊन बसला. आमच्या ओट्यावर लिंबाची सावली आहे आणि रांजणाखालची ओली वाळू, म्हणून गेला असेल. पण तो बसला नेमका नलूताई रोज सकाळी बसतात त्या जागेवर. तोंड स्टेशनच्या रस्त्याकडं. पण कर्तव्य ते कर्तव्य. मी कूलर बंद केला.

मग रोजचाच खेळ सुरू झाला. गार्डसाहेब नवाबला पट्ट्याला धरून आणायचे. मी कूलर लावायचे. नवाब दोन मिनिटं बसून पुन्हा चालायला लागायचा. मी कूलर बंद करायचे. पुन्हा गार्डसाहेब आणायला जायचे. जुन्या सवयीनं त्यांनी याची वहीसुद्धा घातली: 'नवाब, सुटला ८.१०. आपला ओटा, पोचला ८.११. वाटेत थांबा नाही.' बारा-तेरा फेऱ्यांनंतर ते घामानं निथळत म्हणाले, "अगं, गिऱ्हाइकालाच नको हाय कूलर!"

"मग आपल्यालाही नको," मी म्हणाले आणि वहीच्या पुठ्ठ्यानं वारा घेत बसले.

पण माणूस रेल्वेतला. नियमातून वाट काढण्यात त्याचं आयुष्य गेलेलं. दुसऱ्या दिवशी जाऊन बघते तो कूलर जोरात चालू, त्यापुढं नलूताईंची मनीप्लांटची बाटली, आणि तिच्या मागं गार्डसाहेब बनियनवर. "ही बी गिऱ्हाईकच हाय," ते म्हणाले. "पानं सुकायलीत." मी कागद काढून पाहिला. झाडं दरात होती. मी मुकाट्यानं बाटलीच्या मागं जाऊन बसले.

आता त्या कूलरचा आवाज म्हणजे मालगाडीच. खिडकी लावलेली, दार लोटलेलं, बाहेर काय चाललंय ते आत कळायचं नाही. आणि बाहेर पुष्कळ काही चाललं होतं! आमच्या दाराला कुलूप बघून दूधवाल्यानं ठरवलं, आम्ही गावाला गेलो. त्यानं दूध बंद केलं. राणीसावरगावहून गार्डसाहेबांचे थोरले भाऊ, आमचे भाऊसाहेब, आंब्यांची पाटी घेऊन आले. त्यांना ओट्यावर नवाब आडवा आला. पहिल्या पायरीवर पाय ठेवू देईना! भाऊसाहेब तासभर उन्हात उभे राहिले, हाका मारल्या, आणि आंबे घेऊन परत गेले. संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"नाम्या, कुत्रं कधी पाळलास रे?"

"आपलं न्हाई ते, दादा. समोरच्यांचं हाय."

"समोरच्यांचं कुत्रं तुझ्या दारात, आन् तू कुठं होतास?"

"समोरच्यांच्या घरात."

 मग भाऊसाहेब म्हणाले, "तुमची तब्येत बरी हाय ना दोघांची?" आणि फोन ठेवला. आंबे गेले ते गेलेच.

दरम्यान पिंकीला मुलगी झाली. दोघी सुखरूप. नलूताईंचा फोन आला तेव्हा मला रडू आलं, पण बोलणं झालं ते एवढंच: "बाई, नवाबनं जेवलं का?" "जेवला." "झाडं?" "बरी आहेत." पूर्वी त्यांनी बाळाच्या नखांपासून जावळापर्यंत अर्धा तास सांगितलं असतं. आता रोज पाचला व्हिडिओवर नवाब दाखवायचा, की कॉल संपला. दर ठरल्यापासून आमच्यात बोलायला कामच उरलं होतं.

तेव्हा मी मनाशी ठरवलं, बारशासाठी कुरडया करून पाठवायच्या. दराच्या बाहेरच्या! कागदात कुठंही नसलेल्या! पाच किलो गहू तीन दिवस भिजवले, वाटले, चीक काढला, गार्डसाहेबांना सोऱ्या दाबायला बसवलं. (त्यांच्या कुरडया रुळांसारख्या सरळ येत होत्या. पुन्हा पुन्हा वळण शिकवावं लागलं.) गच्चीवर दोन धोतरं अंथरून पांढऱ्या शुभ्र कुरडया वाळत घातल्या. गावातला एक ओळखीचा माणूस पुण्याला निघाला होता, त्याच्या हाती त्या जायच्या होत्या. डबा उघडला की नलूताई सगळं विसरतील, अशी माझी खात्री होती.

आमच्या गच्चीचा जिना बाहेरून आहे आणि त्याला दार नाही. त्या दिवशी पाच वाजायला आले, कॉलची वेळ झाली म्हणून मी कूलर बंद करून खिडकी उघडली, आणि आमच्या ओट्यावरून नवाबच्या भुंकण्याचा एकच गजर सुरू झाला. जिन्याच्या पायथ्याशी उभा राहून जीव तोडून भुंकत होता. मी खिडकीतून पाहिलं आणि माझं डोकं फिरलं. पाचला दाखवायचं गिऱ्हाईक आणि ते असं रस्त्यावर तमाशा करतंय!

"गार्डसाहेब, आधी त्याला आत आणा!"

त्यांनी पट्टा धरून त्याला ओढत आणलं. तो चारी पायांनी मागं रेटत होता आणि जिन्याकडं मान वळवून भुंकत होता. मी दारात उभी राहून फोन लावला आणि त्याचं तोंड समोर धरलं.

"बघा नलूताई, कसा टवटवीत आहे नवाब."

"भुंकायलाय का बरं इतका?"

"तुम्हाला बघून आनंद झालाय."

नलूताई फोनमध्ये वाकून बघायला लागल्या. "बाई, तुमच्या मागं, तुमच्या गच्चीवर कोण हाय?"

"कुणी नाही. तुम्ही आधी नवाब बघा. वेळ तुमची चाललीय."

"आवं पण काहीतरी हलायलंय!"

"धोतर असेल. हा बघा त्याचा कान—"

"आवं बाई, धोतराला शिंगं असत्यात का?"

मी मागं वळले. गच्चीच्या कठड्यावरून एका शेळीनं माझ्याकडं शांतपणे पाहिलं. तिच्या तोंडातून पांढरी कुरडई लोंबत होती. मी धावले! गुडघ्यांना काय वाटेल याचा विचार न करता आठ पावलांची गल्ली चारात ओलांडली. वर पोचले तर सात शेळ्या, पंगतीला बसावं तशा दोन्ही धोतरांच्या कडेनं उभ्या. धोतरं स्वच्छ. एका धोतराला मात्र मधोमध भोक, बहुतेक कुरडई संपल्यावरही कुणाची भूक राहिली असावी. मागून गार्डसाहेब आले, त्यांच्या मागून पट्टा सोडवून घेतलेला नवाब आला. त्यानं एका मिनिटात सातही शेळ्या जिन्यावरून खाली उतरवल्या. मग त्यानं माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत जे होतं ते मी वर्गात नापासांकडं बघताना वापरत असे.

मी रिकाम्या गच्चीवर मटकन बसले. हातातला फोन अजून चालूच होता.

"बाई," आतून नलूताईंचा आवाज आला, "कुरडया कुणाच्या हुत्या?"

"पिंकीच्या बारशाच्या," मी म्हणाले आणि मला रडू फुटलं. "तुमच्या होत्या."

 पलीकडून कॉल बंद झाला.

बेचाळिसाव्या दिवशी नलूताई परत आल्या. नवाबनं त्यांना गल्लीच्या तोंडाशीच गाठलं आणि पुढं पाच मिनिटं कुणाला काही करू दिलं नाही. मग त्या आमच्या ओट्यावर आल्या. हातात पाकीट होतं. माझ्या हातात कागद होता. आदल्या दिवशी बसून मी पूर्ण हिशेब केला होता, कारण आता उरलं होतं ते निदान चोख तरी असावं.

"बेचाळीस दिवस, रोज सात तास, तासाला वीस," मी वाचायला लागले. "आमचे झाले पाच हजार आठशे ऐंशी."

"बराबर," त्यांनी पाकीट पुढं केलं.

"थांबा. पाचव्या दिवसापासून नवाब आमच्या घरी बसला. अडतीस दिवस. वहीप्रमाणं सरासरी नऊ तास. आम्ही घरात असताना तो बसला ते धरायचं का, असा प्रश्न होता. मी धरलं. दर बसण्याचा आहे, गरजेचा नाही. शेळ्यांच्या वेळी तो जागेवर नव्हता, पण त्याला कामावरून आम्हीच ओढून आणलं होतं, म्हणून ते कापलं नाही. त्याचे झाले सहा हजार आठशे चाळीस." मी घसा साफ केला. "म्हणजे तुमचं देणं काही नाही. आम्हीच नवाबला नऊशे साठ रुपये देणं लागतो."

"तो रात्रीबी आपल्याच पायरीवर झोपायचा," गार्डसाहेब म्हणाले. "दीडपट—"

"रात्रपाळीचं काढू नका!"

नलूताईंनी कागद घेतला, वाचला आणि पायरीवर बसल्या. खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या. मग हसता हसता खरंच रडायला लागल्या.

"बाई, तुमी माईकवर शेजारीण म्हणलाव ना, मला वाटलं, इतक्या सालांचं माझंच काढायलाव. लय लागलं मला. म्हणून रेट मागितला. वाटलं, तुमी म्हणचाल, येडी का काय नलू, किल्ली ठेव आन् जा."

"म्हटलं होतं की तसं!"

"एकदाच म्हणलाव. दुसऱ्यांदा कागदच काढला."

"मला वाटत होतं, तुम्ही तो फाडाल."

"मी कशी फाडणार? तुमचं अक्षर किती चांगलं हाय!"

मग मीही रडले, हसले, आणि गार्डसाहेबांनी प्रसंग ओळखून चहा ठेवला (साखरेऐवजी मीठ घालून, पण ठेवला). ते पाकीट नलूताईंनी पिशवीत परत ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर हाक आली, "बाई, इरजण द्या की जरा." संध्याकाळी वाटी परत आली ती कुरडयांच्या चुऱ्यानं काठोकाठ भरून. पुण्याहून विकतच्या आणल्या होत्या, वाटेत गाडीत दबल्या. तेवढा गोड चुरा मी जन्मात खाल्ला नाही.

माझ्या मते तिथं सगळं मिटलं होतं. मी सहज म्हणाले, "मग ते नऊशे साठही सोडून देऊ."

नलूताईंचा चेहरा पुन्हा कचेरीतला झाला. "ते कसं? तुमचं-माझं मिटलं. त्याची मेहनत हाय ती. फुकट काम करून घेणं लूट हाय, बाई."

नवाबनं उभा कान माझ्याकडं वळवला.

तेव्हापासून रोज दुपारी मी त्याच्यापुढं तूप लावलेली भाकरी ठेवते आणि समोर बसून बोलत राहते, नाहीतर तो खात नाही. बोलण्याचे तास वळते करून घ्यावेत म्हणून मी कागद परत काढून पाहिला. पण बोलण्याचे पैसे धरू नयेत असं तिथं स्वच्छ लिहिलंय, माझ्याच अक्षरात. म्हणून फक्त भाकऱ्या वळत्या होतात, आणि गार्डसाहेबांच्या वहीप्रमाणं अजून सहाशे सत्तर रुपये बाकी आहेत. आयुष्यात एकच खाजगी नोकरी केली, आणि तिचा पगार मी अजून मालकाला देते आहे.